मष्णूकाकांची दक्षिण

आमचे मष्णूकाका खाली बसायला लागले की आधी गुडघे बोलतात, मग कंबर बोलते आणि सगळ्यात शेवटी काका. त्यामुळं त्यांच्या वाट्याला बोलायला फारसं काही उरत नाही. पहिल्या पाळीला उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्यात वाळू ठोकायची, दुपारी हिंडलग्याच्या पलीकडं आमचं जे भाताचं रान आहे त्याच्या बांधावर जाऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसल्या बसल्या झोपायचं, असा त्यांचा जन्म गेला. थकवा त्यांना कामानं आला की ते थकूनच जन्मले, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. बाळाबाईकाकीचं मत दुसरं आहे.

काका आयुष्यभर दक्षिणेत राहिले. म्हणजे त्यांच्या हिशेबानं. कोल्हापूरच्या खाली निपाणी, निपाणीच्या खाली बेळगाव, आणि हे सगळं महाराष्ट्राचं दक्षिण टोक, असं त्यांच्या बापानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी आम्हाला. बेंगळूरच्या हिशेबात मात्र आम्ही उत्तर, तेही पार वरच्या कोपऱ्यातले. म्हणजे एकच माणूस एकाच कट्ट्यावर बसून सकाळच्या मराठी पेपरात दक्षिणेत असतो आणि रात्रीच्या कन्नड बातम्यांत उत्तरेत. काकांनी हे दुसरं कधी मानलं नाही. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, ते काळा शर्ट घालून निषेधाच्या फेरीला जातात. शर्ट इतक्या वर्षांचा तोच आहे, आता राखाडी झालाय. काकी म्हणते, निषेधाचा रंगसुद्धा उडाला, नवीन तरी घ्या. हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन भरतं, सगळं सरकार बेळगावात येतं, उत्तरेवर अन्याय झाला असं एकमेकांना सांगतं आणि परत जातं. त्या दिवसांत रस्ते अडवलेले असतात. काका दुचाकी हातानं ढकलत घरी येतात आणि म्हणतात, "त्या उत्तरेचं काय ते त्यांनी बघावं. आमचा काय संबंध."

म्हणून दिवाळीत त्यांच्याच तोंडून 'उत्तर कर्नाटक' हे शब्द निघाले तेव्हा माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

झालं होतं असं. काकांची लेक रचना बेंगळूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. दिवाळीला आली आणि फराळ संपायच्या आत तिनं सांगून टाकलं, की तिच्या लॅबमध्ये एक मुलगा आहे, त्याच्याशी लग्न करायचं आहे, आणि तो कन्नड आहे. मग दोन दिवस घरात भावकीची ये-जा. एकेक जण येऊन चहा पिऊन विरोध करून जायचा. काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी घर भरलेलं असताना ते उठले आणि म्हणाले, "उत्तर कर्नाटकातला असंल तर देतो. दक्षिणेत पोरगी देणार न्हाय. झालं? आता मला जरा पडू दे."

पडायला मिळावं म्हणून बोललेलं वाक्य होतं ते. बेंगळूरमधला मुलगा म्हणजे म्हैसूरकडचा, मंड्या नाहीतर हासनचाच असणार, आपोआप विषय मिटेल, असा त्यांचा होरा. मी नंतर विचारलं, "काका, दक्षिणेचं एवढं काय वावडं?"

"ओम्या, धारवाडच्या माणसाशी भांडता येतंय रं. तो एक बोलतोय, आपण दोन बोलतोय. म्हैसूरकडच्या माणसाशी भांडाय गेलो तर तो हसतोय नुसता. तसल्या घरात पोरगी दिली तर उद्या तिच्यासाठी भांडायचं कुणाशी?"

रचनाला मुलाचं गाव विचारलं. ती म्हणाली, "हरिहर." मुलाचं नाव तिप्पेश. आणखी चौकशी केल्यावर तो मराठाच निघाला. तीन पिढ्यांपूर्वी तिकडं गेलेले, घरातली मराठी 'पाणी दे' आणि 'देव बरं करो' एवढी उरलेली. जात एकच निघाली, त्यामुळं भावकीकडं भांडायला फक्त भूगोल उरला.

हरिहर उत्तरेत की दक्षिणेत?

माझे वडील गुंडू, म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ज्वारीची भाकरी खाणारा तो उत्तरेचा. भात आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, खाणारा दक्षिणेचा. सोपं हाय."

काकी आतून म्हणाली, "आमच्या घरी रोज रात्री भात असतोय. मग आम्ही कोण?"

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला सगळी भाताची शेती, त्यामुळं भाकरीच्या रेघेनं आम्हीच दक्षिणेत जाऊन पडलो. काकांना ते आवडलं असावं, कारण ते डोळे मिटून हसले.

मग केशवसरांना बोलावलं. सर बेळगावातले, मला आणि रचनाला भूगोल शिकवलेले, दरवर्षी तांदूळ आमच्याकडूनच नेणारे. सर म्हणाले, "तुंगभद्रा ही रेघ. अलीकडचा काठ पूर्वी मुंबई इलाख्यात, पलीकडचा म्हैसूर संस्थानात. हरिहर पलीकडच्या काठावर आहे. अगदी काठावर, पण पलीकडं."

"म्हणजे दक्षिण," काका म्हणाले.

"तसं हल्ली त्याला मध्य कर्नाटक म्हणतात," सरांनी जरा मऊ केलं.

"मध्य कसला काढलाय सर. आम्हाला कधी कुणी मध्ये ठेवलं काय? हिकडं न्हाईतर तिकडं म्हणून सांगितलं."

वडिलांनी काकांच्या मांडीवर हात ठेवला. "अण्णा, उत्तरच म्हणू की. पूल ओलांडला की घर हाय. कोण बघाय येतंय?" भावकीनंही माना हलवल्या. दोन दिवस विरोध करून तीही दमली होती, आणि पोरगी शहाणी, मिळवती, जातीतली सोयरीक. उत्तर म्हटलं की मिटत होतं. पण काका तसं म्हणेनात. रचना तेवढ्यात एवढंच म्हणाली, "बाबा न्हाय म्हणाले तर मी त्याच्याशी लग्न करणार न्हाय. पण मग दुसऱ्या कुणाशी पण न्हाय." आवाज न चढवता म्हणाली आणि बेंगळूरची बॅग भरायला गेली.

काकांनी तो आठवडा फाउंड्रीत साचे बिघडवले म्हणे. रविवारी मला म्हणाले, "ओम्या, तू मोकळाच हाईस. चल, बघून येऊ." मी मोकळा आहे हे आमच्या घरात इतक्या सहज बोललं जातं, की आता मला ते माझं आडनाव वाटतं.

सकाळची बस धरली. काका खिडकीला बसले. एरवी बस सुटायच्या आत झोपणारा माणूस त्या दिवशी टक्क जागा होता. बाहेर बघत होता, जणू कुठं तरी रस्त्यावर चुन्याची फक्की मारलेली दिसेल. कित्तूर गेलं, धारवाड गेलं. हुबळीला शेजारी एक धोतरवाले आजोबा येऊन बसले. काकांनी कन्नडमध्ये विचारलं, "उत्तर कर्नाटक कुठपर्यंत धरायचं हो?"

"उत्तर?" आजोबा म्हणाले. "ते विजापूर, कलबुर्गी. उन्हाचा मुलूख. आम्ही इथं बरे आहोत."

हावेरीला चहा पिताना काकांनी टपरीवाल्याला विचारलं. त्यानं कपानंच मागं दाखवलं. "हुबळी-धारवाड म्हणजे उत्तर. इथं सगळं मधलं." राणेबेन्नूरला खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी पुढं आली. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "उत्तर कर्नाटकाची थाळी स्पेशल आहे ही. गिऱ्हाइकं लांबून येतात." म्हणजे त्याच्याकडंही ती बाहेरगावचीच.

मी म्हटलं, "काका, बघा. जो तो उत्तर मागच्या गावाला देतोय. कुणालाच नकोय."

"मग आपल्याच पदरात कशी पडली?"

"आपल्या मागं गावच न्हाय. मागं महाराष्ट्र."

काका हसले नाहीत. भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवून हात धुवायला गेले.

हरिहरच्या पुलाच्या अलीकडं त्यांनी कंडक्टरला विनवून बस थांबवायला लावली. म्हणाले, चालत जायचं. नदीला पाणी बेताचं होतं. मधल्या खडकांवर बायका धुणं बडवत होत्या, म्हशी डुंबत होत्या. पुलावर कठड्याला धरून काका उभे राहिले. अलीकडं बघितलं, पलीकडं बघितलं. दोन्हीकडं उसाच्या रसाचं एकेक गाडं होतं.

"काय दिसतंय काय?" मी विचारलं.

"काय दिसायचंय," काका म्हणाले. "पाय दुखाय लागले. चल."

तिप्पेशचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. त्याचे वडील नागोजीराव दारातच उभे. बारीक, पांढरी मिशी, बनियनवर टॉवेल. तिप्पेश स्वतः बेंगळूरलाच होता. नागोजीराव आणि त्यांची बायको, दोघंच घरी. बोलणं सगळं कन्नडमध्ये चाललं होतं, पण त्यांचं कन्नड ऐकून काका सारखे पुढं वाकत होते, आणि काकांचं बेळगावी कन्नड ऐकून नागोजीरावांची बायको पदराआड हसत होती. मी काकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं बघितलं. हसणारी माणसं निघाली होती.

चहा आला, चिरमुरे-मिरची आली. बोलणं काही पुढं सरकेना. नोकरी काय, शेती किती, पाऊस कसा, एवढ्यावर येऊन थांबायचं. मग नागोजीरावांनी काकांच्या हाताकडं बघून विचारलं, "फाउंड्री?"

काकांच्या नखांत वाळू कायमची बसलेली आहे. ते म्हणाले, "व्हय. साचे भरतो."

"मी लेथच्या कारखान्यात होतो. बंद पडला आता, खूप वर्षं झाली. बेळगावातनं कास्टिंग यायची आमच्याकडं. लेथचे बेड."

"आमच्याच फाउंड्रीत व्हायचे ते," काका म्हणाले. आवाज जरा वर गेला.

"मग सांगतो. निम्म्या बेडांत हवेची भोकं असायची. मशीनवर चढवून घासलं की भोकं उघडी. आम्ही शिव्या घालायचो."

"भोकं आमच्याकडं न्हाय पडायची. तुम्ही गरम कास्टिंग घाईनं मशीनवर घ्यायचासा. चिरा गेल्या की आमच्या नावानं बिल."

"गरम? बेळगावहून हरिहरला येईपर्यंत गरम राहतं?"

"तुमच्याकडं आल्यावर उन्हात टाकून ठेवायचासा. मी बघितलंय. मी एकदा आलतो ट्रकबरोबर."

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगत नाही. नागोजीरावांनी टॉवेल खांद्यावरनं काढून मांडीवर आपटला, काकांनी चहाच्या बशीत बोट फिरवून साचा कसा भरतात ते दाखवलं, नागोजीरावांची बायको हसायची थांबून आतनं बघत राहिली. शेवटी दोघंही दमले आणि एकाच वेळी पाणी प्यायले. मी हळूच मराठीत म्हटलं, "काका, भांडता आलं की. उत्तरेचाच माणूस निघाला हा."

"गप रं," काका म्हणाले. पण त्या रात्री राहा म्हटल्यावर राहिले. जेवायला भाकरीही होती, भातही होता आणि मुद्दाही होता. त्या घरानं काही म्हणजे काही ठरू दिलं नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा रात्रीची पांघरुणं गोळा करत नागोजीरावांची बायको सांगत होती, की कारखान्याचा भोंगा बंद होऊन एवढी वर्षं झाली तरी हे त्याच वेळेला उठतात, अंघोळ करतात आणि गच्चीवर जाऊन बसतात. काका पहिल्या पाळीचे, तेही उठून वर गेले होते. मी चहाचे पेले घेऊन गेलो. दोघं कठड्याला टेकून बसले होते. समोर नदी आणि तिच्या पलीकडं आम्ही आलो तो काठ.

नागोजीराव म्हणाले, "बरं झालं आलात. आमच्या भाऊबंदांनी पण एक विचारायला सांगितलंय. मला विचारायला बरं वाटत नाही, पण विचारतो."

"विचारा की."

"तुम्ही लोक महाराष्ट्रात जाणार म्हणतात. आम्ही बातम्यांत बघतो. काळे कपडे वगैरे. उद्या खरंच गेलात तर सुनेचं माहेर दुसऱ्या राज्यात. दगडफेक झाली, बस बंद पडल्या, तर आम्ही काय करायचं? तुम्ही राहणार ना इथं?"

मी पेले हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मला वाटलं, गेली सोयरीक. कारण 'राहणार' हा शब्द काकांच्या घरात कुणी उच्चारलेला नाही, आणि 'जाणार' म्हटलं तर पूल ओलांडून घरी जायचं होतं.

काका नदीकडं वळले. मग कन्नडमध्येच बोलले, अडखळत. "माझा बाप म्हणायचा पुढच्या वर्षी जाणार. तो गेला. मग मी म्हणाय लागलो. रचना जन्मायच्या आधीपासनं म्हणतोय. खोटं बोलून पोरगी द्यायची न्हाय, म्हणून सांगतो. एक नोव्हेंबरला मी फेरीला जातो आणि यंदा पण जाणार. बापाला सांगितलंय तसं." त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं सारली. "पण जाऊ असं आता वाटत न्हाय. लई दिवस झाले, वाटत न्हाय. हे घरात कुणाला बोललो न्हाय."

मराठीत हे वाक्य त्यांना जमलं नसतं, असं मला वाटतं. निदान माझ्यासमोर तरी नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, आणि मीही पेल्यांतल्या चहाकडं बघत राहिलो.

नागोजीरावांनी मिशीवरनं हात फिरवला. "कारखाना परत चालू होणार म्हणून मी दुसरीकडं कामाला गेलो नाही. बोलावणी आली होती. पुण्याहून पण आलं होतं. ही अजून बोलते मला." मग माझ्या हातातला एक पेला घेऊन काकांपुढं ठेवला. "आमचं काही नाही. पोरगी येऊ दे. तुमचं घरी बोलून कळवा."

परतीच्या बसमध्ये काका राणेबेन्नूर यायच्या आत झोपले ते बेळगावच्या स्टँडवरच उठले.

घरी सगळे जमले होते. माझे वडील, भावकीतले चौघे-पाच जण, केशवसर. काकीनं पोह्यांची परात मध्ये ठेवली होती. निकाल ठरलेलाच होता, फक्त काकांनी येऊन तो वाचून दाखवायचा होता.

"मग? उत्तरच ना?" वडिलांनी विचारलं. "माणसं आपल्यासारखीच असणार."

"माणसं आपल्यासारखीच हाईत," काका म्हणाले. "पण दक्षिण."

पोह्यांकडं गेलेले हात थांबले.

"अण्णा, असं काय करतोस. पुलापलीकडं चार पावलं तर हाय."

"पुलापलीकडंच हाय. म्हणून दक्षिण. पोरगी द्यायची म्हणून मी नदी उचलून पलीकडं ठेवू काय?"

सर म्हणाले, "मष्णू, मध्य कर्नाटक म्हटलं तर चुकीचं नाही रे होणार. सरकारसुद्धा..."

"सर, ऱ्हाऊ दे. त्यांनी त्यांना पायजे तशी रेघ ओढली म्हणून मी एवढी वर्षं वरडत फिरलो. आता माझ्या सोयीला मीच सरकवली, तर मग फिरलो कशाला?"

वडिलांचा आवाज पडला. "मग काय, न्हाय म्हणून कळवायचं? पोरगी काय म्हणाली ऐकलास न्हवं?"

"न्हाय कशाला? देणार की. दक्षिणेतच देणार."

"तू सगळ्यांसमोर शब्द दिलतास."

"दिलतो. सगळ्यांसमोरच मोडतो. चुकलं माझं. त्या दिवशी झोप आलती." काकांनी परातीतले पोहे मुठीत घेतले, तोंडात टाकले आणि चावत राहिले. भावकीत कुणी तरी म्हणालं, असा शब्द मोडला तर उद्या आपल्याला कोण विचारणार. काका म्हणाले, "आधी कोण विचारत होतं?"

सरांनी चहा मागितला. एकदोघं रुसल्यासारखं करून उठले, पण पोहे खाऊन उठले. माझे वडील अजून कुरकुरत होते, की एवढ्या लांब बसनं जाऊन यायचं आणि दक्षिणच म्हणायचं होतं तर घरात बसून म्हणता आलं असतं.

काकी पदराला हात पुसत बाहेर आली. "लेकीला फोन लावा आधी. चार वेळा लावला तिनं."

"तूच लाव. तूच सांग."

काकीनं फोन लावला आणि न बोलता त्यांच्या कानाला लावून धरला. काकांना मग तो हातात घ्यावाच लागला. "रचना, मी हाय. जाऊन आलो. बरी हाईत माणसं. दक्षिणेत देतोय तुला. सुट्टी कधी मिळतीय बघ."

पलीकडून ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. काका भिंतीला टेकून नुसतं "हं" म्हणत होते. हं. हं. मग दोन हुंकारांच्या मधलं अंतर वाढत गेलं, मान छातीवर आली आणि एक हुंकार आलाच नाही. काकीनं त्यांच्या बोटांतनं फोन सोडवून आपल्या कानाला लावला.

"झोपले गं," ती म्हणाली. "तू बोल, मी ऐकतीया."